सुट्टी सरकारने द्यावी, भक्ती लोकांवर सोडावी

ब्राझीलच्या 2022 च्या जनगणनेतले धर्माविषयीचे आकडे 2025 च्या जूनमध्ये जाहीर झाले. कॅथलिकांचं प्रमाण 56.7 टक्क्यांवर उतरलं होतं, इव्हँजेलिकल पंथीय, म्हणजे प्रॉटेस्टंट वळणाचे ख्रिस्ती, 26.9 टक्क्यांवर पोहोचले होते. 1980 च्या आसपास तिथे दहातले जवळजवळ नऊ जण कॅथलिक होते. हे आकडे पुढे ठेवून एक जुना प्रश्न नव्याने विचारला जातो: 12 ऑक्टोबरला, आपारेसिदा मातेच्या, म्हणजे तिथल्या मरियम मातेच्या, सणाला अख्ख्या देशाला सुट्टी कशासाठी? एक बाजू म्हणते, अजूनही निम्म्याहून जास्त आम्हीच आहोत. दुसरी म्हणते, आणखी थोडी वर्षं जाऊ द्या, मग बघू. आपल्याकडे गोव्यात 3 डिसेंबरच्या सुट्टीवरून, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्तावरून, जो वाद घातला जातो त्याची तऱ्हाही हीच: ख्रिस्ती किती, हिंदू किती, भूमी मूळची कोणाची. दोन्हीकडे डोकी मोजणं चालू आहे आणि खरा मुद्दा कोणी हातात घेत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. पालक संताच्या सणाची सार्वजनिक सुट्टी धर्मनिरपेक्ष राज्यात असू शकते. ब्राझीलची 12 ऑक्टोबरची सुट्टी राहावी, गोव्याची 3 डिसेंबरचीही राहावी. पण ती टिकवण्याचं कारण बहुसंख्या हे नसावं आणि ‘आमची संस्कृती’ हेही नसावं. लोकांचा एक दिवस कामातून मोकळा करणं सरकारला जमतं, तेवढंच त्याने करावं. त्या मोकळ्या दिवशी कोणी कोणापुढे गुडघे टेकायचे, हे ठरवणं त्याचं काम नाही. ब्राझीलच्या कायद्याने या दोन गोष्टी एकाच वाक्यात बांधल्या आहेत, आणि भांडण सगळं त्या गाठीचं आहे.

ही माता कोण, ते समजल्याशिवाय हा वाद कळायचा नाही. 1717 च्या ऑक्टोबरात साओ पावलो आणि मिनास प्रांताचा पोर्तुगीज गव्हर्नर, असुमारचा काउंट, सोन्याच्या खाणींच्या मुलखाकडे निघाला होता. वाटेत ग्वारातिंगेता गावी त्याच्या मेजवानीसाठी मासे हवे होते. दोमिंगोस गार्सिया, जोआंव आल्वेस आणि फिलिपे पेद्रोसो हे तीन कोळी पाराइबा नदीत उतरले. जाळी रिकामीच येत राहिली. मग एकदा जाळ्यात मातीच्या मूर्तीचं धड आलं, डोकं नसलेलं. पुन्हा जाळं टाकलं तेव्हा डोकं आलं. त्यानंतर, परंपरा सांगते, मासळी इतकी लागली की होडीला भार पेलेना. हातभरही उंची नसलेली ही मूर्ती नदीतल्या वास्तव्याने आणि पुढे मेणबत्त्यांच्या धुराने काळी झालेली होती. बरीच वर्षं ती कोळ्याच्या घरातच होती आणि शेजारपाजारचे तिच्यापुढे जमून प्रार्थना म्हणत. चॅपल झालं ते 1745 मध्ये. साखळदंडांनी बांधून नेल्या जाणाऱ्या झकारियास नावाच्या गुलामाने तिच्यासमोर प्रार्थना केली आणि साखळ्या गळून पडल्या, अशी कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ज्या देशाने गुलामगिरी 1888 मध्ये, अमेरिका खंडात सर्वांत शेवटी, रद्द केली, तिथे काळ्या मूर्तीपुढे काळ्या माणसाच्या बेड्या तुटल्या या कथेचं वजन केवढं असेल? पोप पायस अकरावे यांनी 1930 मध्ये तिला ब्राझीलची पालक म्हणून घोषित केलं, पण गरिबांनी तिला आपलं मानल्याला तेव्हा दोनशे वर्षं होऊन गेली होती.

सुट्टी याच्याही नंतर आली. 30 जून 1980 ला पोप जॉन पॉल दुसरे ब्राझीलमध्ये उतरले आणि त्याच तारखेला कायदा क्रमांक 6802 झाला. त्यावर सही होती जनरल जोआंव फिगेइरेदो यांची, 1964 पासून चालत आलेल्या लष्करी राजवटीच्या शेवटच्या अध्यक्षांची. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये साओ पावलोच्या कारखानदारी पट्ट्यात धातुकामगारांचा मोठा संप झाला होता. लुला या कामगार पुढाऱ्याला अटक झाली होती आणि साओ पावलोचे कार्डिनल पावलो एव्हारिस्तो आर्न्स कामगारांच्या पाठीशी उभे होते. चर्चमधला एक मोठा प्रवाह राजवटीला जाब विचारत होता आणि राजवट चर्चच्या सणाला सुट्टी बहाल करत होती. कायद्यातला मजकूर असा: ब्राझीलची पालक असलेल्या आपारेसिदा मातेच्या ‘सार्वजनिक आणि अधिकृत उपासनेसाठी’ 12 ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुट्टी जाहीर करण्यात येत आहे. आठ वर्षांनी, 1988 मध्ये, लोकशाहीची नवी राज्यघटना आली. तिच्या 19 व्या कलमाने सरकारला कोणताही धर्मपंथ स्थापन करण्याची, त्याला अनुदान देण्याची, त्याच्याशी अवलंबित्वाचं किंवा युतीचं नातं जोडण्याची मनाई केली. सेनाधिकाऱ्यांच्या काळातलं ते वाक्य मात्र तसंच राहिलं.

आता डोकी मोजण्याच्या युक्तिवादाकडे येऊ. 56.7 टक्के आहेत म्हणून सुट्टी योग्य, असं जे म्हणतात त्यांना विचारावंसं वाटतं: उद्या 49 टक्के झाले तर पाराइबाच्या काठी चालत जाणारे यात्रेकरू खोटे ठरतील का? आणि टक्का घसरला म्हणून सुट्टी काढा म्हणणाऱ्यांनी भारताची सुट्ट्यांची यादी एकदा वाचावी. 2011 च्या जनगणनेनुसार देशात ख्रिस्ती 2.3 टक्के, शीख 1.7 टक्के, बौद्ध 0.7 टक्के, जैन तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तरी गुड फ्रायडे, गुरुनानक जयंती, बुद्धपौर्णिमा आणि महावीर जयंती या केंद्र सरकारच्या सुट्ट्या आहेत. महाराष्ट्रात पारशी नववर्षाची सार्वजनिक सुट्टी मिळते, आणि सबंध भारतातले पारशी त्या जनगणनेत साठ हजारही भरले नव्हते. ही सुट्टी दिल्यामुळे महाराष्ट्राचं काय बिघडलं? उलट मुंबईच्या कापडगिरण्यांपासून इस्पितळांपर्यंत या समाजाने जे उभं केलं त्याची दखल एका तारखेने घेतली जाते. मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिदिनाच्या प्रकरणात सांगितलं की सार्वजनिक सुट्टी हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे. मला हे पटतं. हक्क नाही म्हणजे ती धोरणाची बाब, आणि धोरण म्हटलं की कारणं द्यावी लागतात. आम्ही जास्त आहोत किंवा तुम्ही कमी आहात, हे कारण नव्हे.

सगळ्यांत नेटका वाटणारा पर्याय असा की सरकारने धर्माशी जोडलेली एकही सुट्टी देऊ नये. विचार स्वच्छ आहे, त्यामागे प्रामाणिक माणसं आहेत, आणि ब्राझीलने तो करूनही पाहिला आहे. 1889 मध्ये राजेशाही गेली. 7 जानेवारी 1890 ला राज्य आणि चर्च वेगळे करणारा हुकूम निघाला आणि आठवडाभरात राष्ट्रीय सुट्ट्यांची नवी यादी आली. तिच्यात 14 जुलै होता, फ्रेंच क्रांतीचा दिवस. अमेरिका खंडाच्या शोधाचा दिवस होता, तोही 12 ऑक्टोबरच. नाताळ नव्हता. बास्तियचा पाडाव साजरा करायला ग्वारातिंगेताचा कोणता शेतकरी घराबाहेर पडला असेल? 14 जुलै काळाच्या ओघात यादीतून गेला आणि नाताळ काही दशकांनी परत आला. ज्या फ्रान्सकडून हे उसनं घेतलं त्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. क्रांतिकारकांनी 1793 मध्ये सात दिवसांचा आठवडाच मोडला आणि दहा दिवसांची दशकं केली. रविवार गेला, चर्च गेलं, आणि त्यासोबत मजुराची विश्रांती सातव्या दिवसावरून दहाव्यावर गेली. 1806 च्या पहिल्या दिवसापासून नेपोलियनने जुनं कॅलेंडर परत आणलं. सोव्हिएत रशियाने 1929 मध्ये पाच दिवसांचं चक्र आणलं, कामगारांना वेगवेगळ्या दिवशी सुट्टी दिली. यंत्रं अखंड चालावीत हा हेतू होता. नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, मुलांची तिसऱ्या. 1940 मध्ये सात दिवसांचा आठवडा परतला. दोन्ही ठिकाणी धर्म काढायला गेले आणि हाती लागलं ते कामगाराचं नुकसान.

आपल्या घरातला दाखला तर याहून जवळचा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून 10 जून 1890 ला मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. त्याआधी आठवड्याचे सातही दिवस भोंगा वाजत असे. साहेबांचा रविवार हा चर्चचा वार होता. आणि रविवारच का, याचं उत्तर आपल्या इतिहासात असंही दिलं जातं की तो बहुजनांच्या खंडोबाचा वार. धर्मापासून पूर्णपणे सोवळी सुट्टी हवी असेल तर सगळ्यांत आधी रविवार सोडावा लागेल. तो सोडायला कोण तयार आहे? माणसं एका दिवशी एकत्र थांबतात ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने, आणि त्या सवयीच्या मुळाशी बहुतेक वेळा देव, संत किंवा पीक यांपैकी काहीतरी असतं. सरकार कोरी तारीख काढून देऊ शकतं, पण त्या दिवशी लोकांनी एकमेकांच्या घरी जावं हे त्याला घडवता येत नाही. आपारेसिदा हे साओ पावलो आणि रिओ यांना जोडणाऱ्या महामार्गावरचं गाव. ऑक्टोबरात त्या रस्त्याच्या कडेने माणसं दिवसेंदिवस चालत येतात, काही अनवाणी. पंढरीची वाट माहीत असलेल्या आपल्या माणसाला यावर भाष्य लागत नाही.

इव्हँजेलिकल पंथीयांचा आक्षेप मात्र याने सुटत नाही, आणि तो मी सर्वांत जड आक्षेप मानते. त्यांच्या धर्मसमजुतीत मूर्तीपुढे प्रार्थना करणं हे पाप आहे. सरकार जेव्हा कायद्यात एका मूर्तीला देशाची पालक म्हणतं तेव्हा ते त्यांच्याही वतीने बोलत असतं. 12 ऑक्टोबर 1995 ला दूरचित्रवाणीवर एका पंथाच्या बिशपने या मातेच्या प्रतिमेला लाथा मारल्या आणि देश हादरला. त्या कृत्याचं समर्थन करता येणार नाही. त्याच्यावर खटला झाला, शिक्षाही झाली. पण त्या निर्लज्ज प्रकारामुळे मूळचा आक्षेप खोटा ठरत नाही. 2007 मध्ये एका इव्हँजेलिकल खासदाराने कायद्याची शब्दरचना बदलणारं विधेयक आणलं. मातेला ब्राझीलची न म्हणता ब्राझीलमधल्या कॅथलिकांची पालक म्हणावं, असा त्याचा आशय होता. त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांनी थोडं थांबायला हवं होतं. मागणी सुट्टी काढण्याची नव्हती. सरकारने आमच्या नावाने नमस्कार करू नये, एवढीच होती. यात गैर काय?

अधिकृत उपासना हा प्रकार कुठे नेतो ते कांदोंब्ले मानणाऱ्यांना विचारावं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांनी जपलेला हा धर्म. बाहिया राज्यात त्यांच्या मंदिरांना विधी करण्यासाठी पोलिसांकडे नोंद करावी लागे, आणि ही अट उठली 1976 मध्ये. तिथून चारच वर्षांनी आपारेसिदा मातेची उपासना अधिकृत झाली. एका देवीला राष्ट्रपतींची सही, दुसरीला पोलीस चौकी. आणि या दोन देवी लोकांच्या मनात इतक्या दूरही नव्हत्या: कांदोंब्ले आणि त्याच्या नात्यातला उंबांदा हा धर्म मानणाऱ्या कित्येकांसाठी पाण्यातून वर आलेली ही काळी माता म्हणजे गोड्या पाण्याची देवता ओशुं. रिओ राज्यात 23 एप्रिलला सेंट जॉर्जच्या सणाची सुट्टी 2008 पासून आहे, आणि त्या दिवशी कॅथलिक चर्चबाहेरच्या रांगेत ओगुं या युद्धदेवतेचे भक्तही उभे असतात. लोकांनी हे मिश्रण कोणाची परवानगी न घेता केलं आहे. सुट्टी असली की तो दिवस सगळ्यांना वापरता येतो. ‘अधिकृत उपासना’ असा शिक्का पडला की तो एकाच धर्मसंस्थेच्या नावावर चढतो.

यातून सुटायला कॅथलिक बाजूचे काही वकील आणि लेखक एक पळवाट काढतात: हा धर्म नव्हे, ही आमची संस्कृती. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी इमारतींतले क्रूस ठेवायला हरकत नाही असा निकाल दिला, त्यातही समाजाच्या सांस्कृतिक परंपरेचा आधार आहे. मला हा आधार कच्चा वाटतो, आणि भाविकांचा तो अपमानही आहे. आजारी लेकरासाठी नवस बोलून गुडघ्यांवर चालत जाणारी बाई संस्कृती जपायला जात नाही. तिची श्रद्धा आहे आणि ती तशीच मान्य केली पाहिजे. शिवाय संस्कृती म्हटलं की नकार देण्याची जागाच उरत नाही. धर्म मानत नाही असं म्हणता येतं. पण संस्कृतीला नाही म्हटलं की माणूस देशाबाहेरचा ठरवला जातो. आपल्याकडे हा खेळ आपण पुरेसा पाहिला आहे. धर्माला धर्म म्हणावं, त्याला वेळ द्यावा आणि जो तो मानत नाही त्याला मोकळं सोडावं, हे जास्त सरळ आहे.

गोव्यात प्रश्न याहून अवघड होतो, कारण तिथे संताबरोबर इतिहासही येतो. फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 ला गोव्यात आले आणि 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. 1546 मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन करण्याची विनंती केली. हे नाकारण्यात अर्थ नाही. ती न्यायसभा 1560 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, सुरू झाली आणि मधला थोडा खंड सोडला तर 1812 पर्यंत चालली. त्याच सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा रातोरात नदीपार फोंड्याच्या बाजूला न्यावे लागले. मंगेशीला किंवा कवळ्याला जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ही स्थलांतराची गोष्ट ठाऊक असते, आणि ती ऐकताना मन दुखतं. ज्या माणसाने इन्क्विझिशन मागितलं त्याच्या फेस्ताची सुट्टी सरकारने का द्यावी, असं कोणी विचारलं तर त्याला धर्मांध म्हणून झटकून टाकणं मला जमणार नाही.

पण मग पुढचं पाऊलही टाकलं पाहिजे. गोव्याच्या इन्क्विझिशनने सर्वांत जास्त छळलं कोणाला? बाप्तिस्मा न घेतलेल्या हिंदूंवर निर्बंध होते, दंड होते, परागंदा होण्याची पाळी होती. पण न्यायसभेचा मुख्य रोख नव्याने ख्रिस्ती झालेल्यांवर होता. घरात तुळस लावली, लग्नात जुनी गाणी म्हटली, उपास केला, एवढ्यावरून पकडले गेलेले ते लोक आजच्या गोंयकार ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज. त्या छळाचा हिशेब म्हणून त्यांच्याच वंशजांचा सण काढून घ्यायचा, हा कोणता न्याय? चारशे सत्तर वर्षांत त्या संताचं लोकांनी काय केलं तेही बघायला हवं. राजाला पत्र लिहिणारा मिशनरी हळूहळू ‘गोंयचो सायब’ झाला, मोठ्या संकटात ज्याच्याकडे गाऱ्हाणं घालायचं तो. जुन्या गोव्यात 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, चालतात, सिंधुदुर्गातून आणि बेळगावच्या बाजूने माणसं चालत येतात, आणि त्यांतली सगळी ख्रिस्ती नसतात. म्हापशाला सेंट जेरोम चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला हिंदू बायका तेल वाहतात, कारण ती शिरगावच्या लईराईची बहीण मानली जाते. हे नातं पोर्तुगीज सरकारने जोडलं नव्हतं आणि भारत सरकारनेही नाही. इन्क्विझिशनचा इतिहास शाळेत नीट शिकवावा, त्याची कागदपत्रं मराठीत आणि कोकणीत यावीत, त्यावर कठोर लिहावं. मी स्वतः ते वाचेन. पण 3 डिसेंबरची सुट्टी म्हणजे 1546 च्या त्या पत्राला दिलेली मान्यता नव्हे. ती आज जिवंत असलेल्या माणसांना दिलेला एक दिवस आहे.

सुट्टीशिवाय भक्ती अडते का, असाही प्रश्न येतो. अडत नाही. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला सप्टेंबरात लाखो लोक जातात, त्यांत कोळी असतात, हिंदू असतात, मुसलमान असतात, आणि सार्वजनिक सुट्टी नसते. हा मुद्दा मला मान्य आहे, म्हणूनच प्रत्येक फेस्ताला नि प्रत्येक जत्रेला सुट्टी द्यावी असं मी म्हणत नाही. ज्या दिवशी एखाद्या प्रदेशाचं चलनवलन आधीच थांबलेलं असतं, शाळेत मुलं येत नाहीत, दुकानं निम्मी बंद असतात, त्या दिवशी सरकारने ते मान्य करावं. लोक पुढे आणि राजपत्र मागे, हा क्रम हवा. 22 जानेवारी 2024 ला अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेसाठी महाराष्ट्र सरकारने सुट्टी दिली. कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी तिला आव्हान दिलं आणि मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. त्या दिवशी गावोगावी लोकांनी मनापासून दिवे लावले, हे खरं आहे. पण एका ठरावीक सोहळ्यात मनाने सामील व्हावं म्हणून सरकारने दिवस नेमून द्यायचा, यात मला 1980 च्या ब्राझीलचीच गाठ दिसते. गाठीला आक्षेप घ्यायचा तर दोन्हीकडे घ्यावा लागेल.

आणि सवलत हवी तर तीही दोन्हीकडे. न्यू यॉर्कच्या सार्वजनिक शाळांना दिवाळीची सुट्टी देणारा कायदा 2023 मध्ये झाला तेव्हा अमेरिकेतल्या मराठी मंडळांत आणि इथल्या व्हॉट्सॲप गटांत आनंदीआनंद होता. तो रास्तच होता. त्या शहरात हिंदू किती टक्के आहेत हे कोणी विचारलं नाही, दिवाळी ही अमेरिकेची संस्कृती आहे का हेही नाही. आपल्या लेकरांना सणाच्या दिवशी परीक्षेला बसावं लागू नये, एवढं साधं म्हणणं होतं आणि ते ऐकलं गेलं. मग 2019 मध्ये दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीच्या प्रशासनाने गुड फ्रायडे सुट्ट्यांच्या यादीतून काढला आणि उच्च न्यायालयाला तो परत आणावा लागला, तेव्हा यांतल्या कितीजणांना वाईट वाटलं? न्यू यॉर्कमध्ये जे तत्त्व आपल्याला हवंसं वाटतं ते दमणमध्ये आणि जुन्या गोव्यात नकोसं का व्हावं?

ब्राझीलच्या संसदेने करायचं काम मोठं नाही. कायदा 6802 मधले ‘सार्वजनिक आणि अधिकृत उपासनेसाठी’ हे शब्द काढावेत, 12 ऑक्टोबर हा आपारेसिदा मातेच्या सणाचा दिवस म्हणून राष्ट्रीय सुट्टी राहू द्यावा. दुसऱ्यांसाठी दार उघडायला त्या देशाने सुरुवात केलीच आहे. गुलामांच्या मुक्तवसाहतीचा नेता झुंबी 20 नोव्हेंबर 1695 ला मारला गेला. तो दिवस 2024 पासून देशभर राष्ट्रीय सुट्टी आहे. एकाच पानावर काळी माता आणि झुंबी दोघे आले, आणि यात कोणाचं काही कमी झालं नाही.

खर्चाचा मुद्दा राहतो. प्रत्येक सुट्टीने उत्पादन बुडतं, असं उद्योजक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पोर्तुगालने आर्थिक संकटात, 2012 मध्ये, चार सुट्ट्या रद्द केल्या होत्या, दोन धार्मिक आणि दोन राष्ट्रीय. 2016 मध्ये चारही परत द्याव्या लागल्या. पण मला खर्चाहून जास्त टोचतो तो वेगळा हिशेब. ब्राझीलच्या 1949 च्या सुट्टीविषयक कायद्याने घरकामगारांना वगळलं होतं. हे वगळणं रद्द झालं ते 2006 मध्ये. म्हणजे 1980 पासून सव्वीस वर्षं काळ्या मातेच्या सणाची राष्ट्रीय सुट्टी श्रीमंतांच्या घरात भांडी घासणाऱ्या, बहुतांशी काळ्या, बायकांना कायद्याने लागू नव्हती. झकारियासच्या साखळ्यांची कथा ज्यांची, त्याच त्या दिवशी कामावर. ही सुट्टी घटनेत बसते की नाही यावर दोन्ही बाजूंनी केवढी शाई खर्च केली, आणि हा प्रश्न किती थोड्यांनी विचारला!

आपल्याकडे तो आजही उभा आहे. सार्वजनिक सुट्टीची सरकारी यादी बँका आणि कचेऱ्यांना लागू होते. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा वीस (2025 पर्यंत दहा) किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ पगारी सुट्ट्या देतो. घरकाम करणारी बाई, मोटारसायकलवरून जेवण पोहोचवणारा मुलगा, नाक्यावरचा मजूर यांना यातलं काहीही मिळत नाही. गोव्यात डिसेंबर म्हणजे पर्यटकांचा मोसम. 3 डिसेंबरला कचेऱ्या बंद असतात तेव्हा हॉटेलं भरलेली असतात, आणि तिथल्या खोल्या झाडणाऱ्या, स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसांतही सायबाचे भाविक आहेत. त्यांना फेस्ताची मिस्सा ऐकायला भरपगारी दिवस देणारा नियम करा, तसाच गणेश चतुर्थीला करा, ईदला करा. सुट्टी कोणाच्या संताची यावर पुढचा वाद घालण्याआधी गोव्याच्या विधानसभेत एवढं विधेयक कोणी तरी मांडावं.